तिसरा प्रवेश बदल

लेस्टर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद,

तुझ्या एकांकिकेची संहिता दोनदा वाचली. विड्या वळणारी बाई वस्तीतल्या मारकुट्या नवऱ्यांना एकेक करून धडा शिकवते, हे सोलापुरातच सुचावं. मांडीवरचं सूप, भिजवलेला तेंदूचा पत्ता, पत्र्याचा नमुना ठेवून तो कातरणं, सगळं नेमकं उतरलंय. पण तिसरा प्रवेश बदल.

त्यात तू तिला आधी मार खाल्लेली दाखवलीस, मग मूल गमावलेली, आणि शेवटी केस सोडून, कुंकू फासून, संबळाच्या ठेक्यावर देवी केलीस. तिच्या जागी पुरुष असता तर? शेजारणीचं रडणं ऐकून तो लाथेने दार उघडतो, नवऱ्याला तुडवतो आणि टाळ्या घेतो. 'तुला कोणी मारलं होतं का?' असं त्याला कोणी विचारत नाही. बाईला मात्र आधी जखमा दाखवाव्या लागतात. अंगात देवी आली की निर्णयही देवीचा होतो, तिचा राहत नाही. शेवटी ती मरते नाहीतर तिला वेड लागतं. तो पुढच्या गावाला निघतो.

तिचं पूर्वायुष्य काढून टाक आणि तिला शुद्धीत ठेव. पत्ता कातरताना भिंतीपलीकडून आवाज येतो, कात्री थांबते, पुन्हा चालते. तिसऱ्यांदा थांबली की ती सूप बाजूला ठेवून उठते. संगीत अजिबात नको.

हा भेद नाटकापुरता नाही. इथे इंग्लंडात १९४९च्या डफी खटल्यापासून, खुनाऐवजी सौम्य गुन्हा ठरवणारा चिथावणीचा बचाव मिळायला संयम अचानक सुटलेला असावा लागे. जागच्या जागी भडकून मारणाऱ्याला हे माप बसतं. वर्षानुवर्षं मार खाऊन, नवरा झोपल्यावर वार करणारीला बसत नाही. छळणाऱ्या नवऱ्याला झोपेत जाळणाऱ्या किरणजीत अहलुवालिया यांना १९८९मध्ये खुनाबद्दल जन्मठेप झाली. १९९२मध्ये अपिलात ती रद्द झाली ती मनोविकाराच्या मुद्द्यावर, चिथावणीच्या नाही. म्हणजे बाईचा राग कोर्टालाही आजार म्हणूनच पटला! ती 'अचानक'ची अट २००९च्या कायद्याने गेली. आपल्या भारतीय न्याय संहितेत खुनाच्या कलम १०१च्या अपवादात ती अजून आहे.

आता लाटण्याचा प्रसंग. बायकोचा मार खाणारा मास्तर तू हशासाठी आणलास, आणि नायिकाही हसते. मारहाण जिला सहन होत नाही, ती इथे हसेल कशी? प्रसंग काढ, नाहीतर तिला त्याच्याही दारात उभी कर. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली दाद फक्त बाईला मागता येते. त्याच्या तोंडी हे एका वाक्यात येऊ दे.

आणि जिच्यासाठी हे सारं चाललंय, त्या शेजारणीला अख्ख्या एकांकिकेत 'वाचवा' एवढाच शब्द आहे. रात्री ती झोपणार कुठे? त्याच कायद्याच्या कलम १७ने तिला सासरच्या राहत्या घरात राहायचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. कलम १२खाली अर्ज दिला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लावायची असते. हे तिला ठाऊक असू दे, आणि ती नायिकेवर चिडू दे: "हात तू उगारलास, उद्या तो घरी येईल तेव्हा समोर मी असणार." त्यावर नायिका काय बोलते, ते तूच शोध, मला ते वाचायचंय.

तालमी सुरू व्हायच्या आत नवा प्रवेश पाठव. कात्री बोथट टोकाची घ्या. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या