आउटलेटचा आकडा बघायला शिकवणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

माटुंग्याच्या त्या प्रयोगशाळेत तुमच्या हाताखालून कितीतरी मुलं गेली, मी कशाला लक्षात राहीन? जुलैच्या पावसात डोंबिवलीहून लोकलने कोकमाच्या रसाचे कॅन सांभाळत यायची ना, रस गरम हवेत फवारून त्याची पावडर करणारं यंत्र, स्प्रे ड्रायर, तीन दिवस भाड्याने घेतलेली, ती मी.

पहिल्याच दिवशी काचेच्या चेंबरला आतून लाल थर बसला आणि हवेतून पावडर वेगळी करणाऱ्या सायक्लोनखालच्या बाटलीत जेमतेम चमचाभर पावडर. रस नीट वाळत नाही असं समजून मी इनलेट, म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान, 150 वरून 180 अंशांवर नेला. थर वाढतच गेला. तुम्ही शेजारचा ओटा पुसत होतात. यंत्र बंद करून चेंबर कोमट झाल्यावर तुम्ही तो थर बोटावर घेतलात, अंगठा टेकवून उचललात, तर तार निघाली. ‘ओलं नाही ताई, पाक झालाय.’

परीक्षेत ग्लास ट्रान्झिशनवर, म्हणजे काचेसारखा कडक पदार्थ तापला की मऊ-चिकट होतो त्यावर, मी पानभर उत्तर लिहिलं होतं. कोकमातली आम्लं आणि साखर थोड्याशा उष्णतेनेही मऊ पडतात, हे तोंडपाठ होतं. बोटावर मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग तुम्ही म्हणालात, इनलेट आपण लावतो, आउटलेट, म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान, यंत्र सांगतं, त्याचं ऐका. रसाचा पंप वाढवला की आउटलेट उतरतो, कमी केला की चढतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि फसलेला रनसुद्धा वहीत उतरवायचा. (माझ्या वहीत फसलेलेच जास्त आहेत.) दुसऱ्या दिवशी माल्टोडेक्स्ट्रिन (चिकटपणा कमी करणारी, स्टार्चपासून केलेली पावडर) रसातल्या घनपदार्थांच्या बरोबरीने घातलं, इनलेट पुन्हा 150, आउटलेट 80 च्या आसपास. बाटलीत गुलाबी पावडर पडायला लागली तेव्हा मी ओरडलेच. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘आधी झाकण लावा.’

पुढे दुसऱ्यांचा माल वाळवून देणाऱ्या जॉबवर्कवाल्या कारखान्यात रस फवारायला नोझलऐवजी फिरती डिस्क, थेंब मोठे, चेंबर दोन मजली. इनलेटचे आकडे तिथे जसेच्या तसे चालले नाहीत. आउटलेट धरून ठेवला, रसाची फीड त्याप्रमाणे जुळवली, आणि जमलं. एवढा रस आधी तुमच्या त्या छोट्या यंत्रावर वाया घालवला नसता, तर तिथे पिंपंच्या पिंपं वाया गेली असती.

पहिल्या बॅचची दोन पाकिटं तुमच्यासाठी ऑफिसात ठेवून आले आहे. फोडलीत की लगेच बरणीत भरा. मुंबईच्या हवेचं तुम्हाला मी काय सांगणार!

तुमची,
कोकमवाली ताई