पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्च्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कंपनीच्या बॉक्समधून विश्वचषकाचा सामना पाहिल्याचा लेख काल तुमच्या पुरवणीत वाचला. लेखाच्या भाषेबद्दल तक्रार नाही. पण कंपन्यांचे पाहुणे येतात म्हणून खेळ चालतो, असं त्यात जे म्हटलंय ते वाचून हातातला चहा तसाच गार झाला. मीही असा पाहुणा होऊन आलोय. लेखात जे आलं नाही ते लिहितो, जमेल तेवढं छापा.

19 ऑक्टोबर 2023, पुण्याजवळचं गहुंजे स्टेडियम, विश्वचषकातला भारत-बांगलादेश सामना. मी सोलापुरात सिमेंटचा डीलर आहे. स्कीममधलं टनांचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून कंपनीनं पास दिला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? ऑगस्टअखेर तिकीटविक्री उघडली तेव्हा माझा मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाइल धरून बसला होता आणि त्याला एकही तिकीट मिळालं नव्हतं. मला मात्र न मागता मिळालं.

आमचा ड्रायव्हर नऊ वर्षं माझ्याकडं होता तेव्हा. सोलापूरच्या पार्क मैदानावर वाढलेला पोरगा. कॉलेजात असताना डावखुरी स्पिन टाकायचा, वडील गेले आणि हातात स्टिअरिंग आलं. पहाटे पाचला सोलापूर सोडलं. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत भिगवण येईपर्यंत त्याचं एकच चाललेलं, की गहुंज्याच्या विकेटवर जडेजानं टप्पा कुठं टाकायला पाहिजे. ऐकताना मला वाटत होतं, याला कसंही करून आत न्यायचं.

गेटजवळ कंपनीचं टेबल होतं. निळ्या पट्टीचे पास नावाप्रमाणे मांडलेले. सगळ्यांचे वाटून झाले तरी दोन तिथंच पडून होते, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा न काढलेले. ज्यांचे होते ते दोघं आलेच नव्हते. मी तिथल्या अधिकाऱ्याला म्हणालो, यातला एक माझ्या ड्रायव्हरला द्या, हवं तर त्याचे पैसे मी भरतो. तो म्हणाला, "यादीत नाव नाही साहेब. सिक्युरिटीचा विषय आहे, माझ्या हातात नाही." वर्ल्ड कपचा सामना आहे, नियम कडक असणार, हे मला पटलं. ड्रायव्हरला काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता. त्यानंच सोडवला. म्हणाला, "जावा मालक, मी गाडीत मोबाइलवर बघतो."

बॉक्स म्हणजे पुढं खुर्च्यांच्या दोन ओळी आणि मागं काचेआड एसीची खोली. खोलीत जेवणाची टेबलं, सोफे आणि भिंतीवर मोठा टीव्ही. मैदान पन्नास पावलांवर आणि माणसं टीव्हीकडं तोंड करून बसलेली. त्या दिवशी नवरात्राची पाचवी माळ होती. माझे नऊ दिवसांचे उपवास, त्यामुळं जेवणाकडं मला काम नव्हतं. दोन केळी खाल्ली आणि पहिल्या ओळीत जाऊन बसलो तो उठलोच नाही.

नवव्या षटकात हार्दिक पंड्या बॉलिंगला आला. तिसऱ्या चेंडूवर लिटन दासनं सरळ फटका मारला, तो पायानं अडवताना पंड्याचा घोटा मुरगळला. लंगडत बाहेर गेला. राहिलेले तीन चेंडू विराट कोहलीनं टाकले. कोहलीनं! सगळं स्टेडियम उभं राहून ओरडत होतं. मी मागं वळून बघितलं तर आमच्या दोन ओळींत मिळून पाच माणसं. मी काच वाजवून हातानं खुणा केल्या. एक गृहस्थ प्लेट घेऊन बाहेर आले तोवर षटक संपलं होतं. पुढं बांगलादेशच्या मुशफिकुरचा झेल जडेजानं पॉइंटला झेप घेऊन पकडला, तोही आतल्या मंडळींनी रिप्लेमध्येच बघितला. माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. सबंध डावभर मला त्या दिसत होत्या.

डाव संपला आणि मधल्या वेळेत त्यातल्या एका खुर्चीवर एक अनोळखी गृहस्थ येऊन बसले. गळ्यात तीच निळी पट्टी. बोलता बोलता कळलं, कंपनीच्या वरच्या साहेबांच्या सोसायटीत राहतात, सहज इकडं आले होते. यादीत नाव त्यांचंही नव्हतं. कोहली सत्तरीत असताना ते उठून गेले, पुढं ट्रॅफिक लागेल म्हणून. मला राग आला तो तिथं. नियम सगळ्यांना सारखा असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

शेवटची षटकं तुम्हा सगळ्यांना आठवत असतील. कोहलीचं शतक व्हावं म्हणून समोरचा जोडीदार राहुल एकेरी धावा नाकारत होता. 42 व्या षटकात षटकार गेला आणि शतक, सामना दोन्ही एकदमच झालं. 97 चेंडूंत नाबाद 103. मी आयुष्यात पहिल्यांदा मैदानात बसून रडलो.

पार्किंगमध्ये आलो तर ड्रायव्हर गाडीला टेकून उभा. म्हणाला, "आवाज आधी आला मालक, सिक्स मागनं दिसला." मोबाइलवरचं चित्र थोडं मागं असतं. स्टेडियमची भिंत समोर, गर्जना कानावर आलेली आणि हातातल्या पडद्यावर बॉलर अजून धावतोच आहे. दिवसभर प्रत्येक विकेट आणि प्रत्येक चौकार त्यानं असा बघितला. परतीच्या वाटेवर इंदापूरपर्यंत मी त्याच्याशी काही बोलू शकलो नाही.

आता कालच्या लेखातला पैशांचा मुद्दा. कंपन्या पैसे देतात हे मान्य, मीही व्यापारी आहे, मला कळतं. पण खुर्ची विकत घेतली म्हणून ती रिकामी ठेवायचा हक्क मिळतो का? जागांवरून भांडण आपल्याकडं नवं नाही. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या जागावाटपावरून मुंबई क्रिकेट असोसिएशनचं, ते स्टेडियम ज्यांचं त्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी बिनसलं म्हणून तर वानखेडे उभं राहिलं, तिथं पहिली कसोटी जानेवारी 1975 मध्ये झाली. त्याच वानखेडेवर 2011 ची फायनल झाली तेव्हा सुमारे 33 हजार जागांपैकी फक्त 4 हजारांच्या आसपास तिकिटं सामान्य लोकांसाठी असल्याच्या बातम्या तुम्हीच छापल्या होत्या. माझं मागणं मोठं नाही. दहा षटकं होऊनही पाहुणा आला नाही तर ती जागा बाहेर थांबलेल्याला ओळखपत्र बघून द्यावी. लग्नाच्या पंगतीतसुद्धा रिकामं पान वाया जाऊ देत नाहीत.

लिहायला बसलोच आहे तर तुमच्याही पानाबद्दल लिहितो. त्या सामन्यानंतर शहर पानावर गळ्यात पास घातलेल्या सोलापूरकरांचे फोटो तुम्ही छापले, त्यात माझाही होता. जानेवारी 2024 मध्ये आपल्या पार्कवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला. ड्रायव्हरनं रजा मागून घेतली आणि उन्हात बसून बघितला. संध्याकाळी एकेका विकेटचं वर्णन दुकानात उभा राहून सांगायचा, हमालसुद्धा गोण्या खाली ठेवून ऐकायचे. दुसऱ्या दिवशी तुमचा अंक उघडला की मैदानावर कोणकोणते मान्यवर आले होते तेच वाचायला मिळायचं. आपल्या जिल्ह्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेनं 2022 मध्ये नागालँडकडून महिलांच्या टी-ट्वेंटीत नाबाद 162 धावा केल्या, त्याला तुमच्याकडं चार ओळी. शाळांच्या खो-खो स्पर्धांचा नुसता निकाल येतो, कोण पोरगी किती मिनिटं पळाली याचा पत्ता नसतो. आमच्यासारख्यांचे फोटो नका छापू, तेवढ्या जागेत पार्कवरच्या सामन्यांचा धावफलक द्या. रोज द्या.

मागच्या महिन्यात कंपनीचा पुढच्या सामन्यासाठी फॉर्म आला. पाहुण्याचं नाव या रकान्यात मी ड्रायव्हरचं नाव लिहिलं, आधारची प्रत जोडली. आठ दिवसांनी फॉर्म परत आला. त्या नावावर लाल रेघ आणि बाजूला शेरा: फक्त डीलर किंवा कुटुंबीय. मी फोन करून सांगितलं की याच नावानं पास देणार असाल तर द्या, नाहीतर मलाही नको. अजून उत्तर आलेलं नाही.

आपला,
एक जुना वाचक, सोलापूर
(व्यवसायामुळं नाव छापू नये, ही विनंती.)