आत राहून अडवणूक

संपादक महोदय,

युरोपात लोकानुनयी पक्षांची मते वाढली की ‘युरोपीय संघ आता फुटणार’ अशी भाकिते आपल्याकडेही सुरू होतात. 2020 मध्ये ब्रिटन गेला, त्यानंतर मात्र कुणीच उंबरठा ओलांडलेला नाही. फ्रान्सच्या कडव्या उजव्या नेत्या मरीन ल पेन यांनीसुद्धा युरो सोडण्याची भाषा 2017 नंतर गुंडाळून ठेवली. बाहेर पडण्यापेक्षा आत बसून अडवणे फायद्याचे, हा धडा हंगेरीच्या व्हिक्टर ओर्बान यांनी पंतप्रधानपदावरून घालून दिला.

संघाचे बहुतेक कायदे विशेष बहुमताने होतात: 27 पैकी 15 देश आणि एकूण लोकसंख्येचा 65 टक्के हिस्सा. पण परराष्ट्र धोरण, कर, नवा सदस्य आणि सात वर्षांचा अर्थसंकल्प यांना एकमत लागते. तिथे एक कोटीही वस्ती नसलेला हंगेरी आणि आठ कोटींचा जर्मनी एकाच वजनाचे. त्यात रशियावरील आर्थिक निर्बंधांची मुदत सहा-सहा महिन्यांची, 31 जानेवारी आणि 31 जुलै. म्हणजे घासाघिशीचा मुहूर्त वर्षातून दोनदा ठरलेलाच.

डिसेंबर 2023 चे दोन दिवस पाहा. 13 तारखेला युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, हंगेरीचे रोखलेले सुमारे 10.2 अब्ज युरो मोकळे केले. 14 तारखेला देशप्रमुखांच्या बैठकीत युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करायचा विषय निघाला तेव्हा ओर्बान दालनाबाहेर गेले आणि उरलेल्या 26 जणांनी निर्णय घेतला. त्याच रात्री युक्रेनच्या 50 अब्ज युरोंच्या मदतीवर मात्र त्यांनी नकाराधिकार वापरला. ती 1 फेब्रुवारी 2024 ला सुटली. न्यायव्यवस्थेत सुधारणा झाल्या म्हणून पैसे दिले, असे आयोगाचे म्हणणे. युरोपीय संसदेला ते पटले नाही. मार्चमध्ये ती आयोगाविरुद्ध न्यायालयात गेली.

अशा सदस्याला शिक्षा करायला संघाच्या करारात कलम 7 आहे, पण ते कागदावरच जास्त शोभते. ‘गंभीर धोका आहे’ एवढे म्हणायलाच आरोपी सोडून उरलेल्या 26 पैकी 21 देश लागतात. मताचा हक्क काढून घेण्याआधी तर आरोपी सोडून बाकी सगळ्यांचे एकमत हवे. पोलंडविरुद्ध 2017 मध्ये आणि हंगेरीविरुद्ध 2018 मध्ये ही प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा दोघांनी एकमेकांना पाठीशी घातले. एकमताची अटच काढायची म्हटली तर त्यालाही एकमत लागते! उपयोगी पडली ती निधी अडवून धरण्याची तरतूद: डिसेंबर 2022 मध्ये हंगेरीचे 6.3 अब्ज युरो तिच्याखाली गोठवले गेले.

दोष फक्त लोकानुनयाचा नाही, नियमाचाही आहे. सार्कच्या सनदेतही प्रत्येक निर्णयाला एकमत लागते; 2014 च्या काठमांडूनंतर तिची शिखर बैठक झालेली नाही. याउलट आपल्या जीएसटी परिषदेत तीन-चतुर्थांश मतभार पुरतो. एक-तृतीयांश मतभार असलेले केंद्र निर्णय अडवू शकते, एकटे राज्य नाही. डिसेंबर 2019 मध्ये लॉटरीवरील करासाठी तिथे पहिल्यांदा मतदान झाले. केरळने विरोध केला, दर सगळीकडे 28 टक्के ठरला, आणि केरळ परिषदेत राहिलाच.

– एक वाचक, पुणे