पैशासाठी लिहिणं: सुध्याला पत्र

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. मालिकेचे एपिसोड पाडता पाडता कादंबरी मागं पडली म्हणतोस, आणि पैशासाठी लिहिलं की हात बिघडतो का, असंही विचारतोस. मला अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड आठवला.

त्याची हिशेबाची वही आजही जपून ठेवलेली आहे. कुठल्या कथेचे किती डॉलर आले, वर्षाची बेरीज किती, सगळं स्वतःच्या हातानं लिहिलेलं. आणि हाच माणूस जन्मभर एजंटाकडून, प्रकाशकाकडून उचल घेत राहिला! १९२४ साली वर्षाला ३६,००० डॉलर मिळूनही पुरत का नाहीत, यावर त्यानं लेख लिहिला. तोही विकला. बेरकीच म्हणायचा.

काळ तसाच होता. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली आणि चोरून दारूचा पूर आला. त्याच वर्षी त्याची पहिली कादंबरी गाजली, आठवडाभरात झेल्डाशी लग्न झालं. पुढं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या पार्ट्यांत लिहिणं होईना, म्हणून दोघं फ्रान्सला गेली. तिथं 'द ग्रेट गॅट्सबी' लिहून झाली आणि मग रोममध्ये प्रुफांवरच त्यानं ती पुन्हा रचली. त्यातली पार्टी आठव: दर शुक्रवारी पाच पेट्या संत्री-लिंबं येतात आणि सोमवारी नुसती सालं मागच्या दारी पडतात. झगमगाट सगळ्यांनाच दिसतो. सालं दिसायला घरखर्चानं पोळलेला माणूस लागतो.

पुढं 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' त्याला एका कथेचे ४,००० डॉलर देई. या कथांना तो स्वतःच नावं ठेवायचा. पण 'बॅबिलॉन रिव्हिजिटेड' त्याच साप्ताहिकात आली, १९३१ मध्ये, आणि माझ्या मते ती त्याची सर्वोत्तम कथा. गॅट्सबीची रंगीत तालीमही एका मासिकातल्या कथेतच झाली होती. तेव्हा हात बिघडतो हे मला पटत नाही. वेळ मात्र जातो. गॅट्सबी १९२५ ची, पुढची कादंबरी १९३४ ची. मधल्या काळात दारू होती, झेल्डाचं आजारपण होतं, पण कथांचा रतीबही होताच. १९४० मध्ये हॉलिवूडमध्ये ४४ व्या वर्षी वारला, तेव्हा पाचवी कादंबरी अर्धवटच होती.

म्हणून एपिसोड खुशाल लिही, घराचे हप्ते काही कादंबरी भरणार नाही. फक्त निर्मात्याकडून महिन्याचे चार दिवस मागून घे आणि त्या दिवसांत फोन बंद ठेव. झालेली प्रकरणं पाठव, जशी असतील तशी. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या