बाबांची ‘माउली’ जपणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

त्या संध्याकाळी तुम्ही निघालात तेव्हा घसा दाटून आला होता, बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय.

गाडी मागं घेताना अंगणातल्या गडग्याला ठोकली आणि मागचा बंपर वीतभर तडकला. बेळगावात तीन ठिकाणी फिरले. पहिल्यानं गाडीकडं न बघताच ‘नवीनच घाला’ म्हटलं. दुसऱ्यानं सुपरग्लू ओतला, तो जांबोटीच्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात सुटला. तिसऱ्यानं वरून पुट्टी भरून रंग मारला, पैसे मोजून घेतले; आठवड्यात तड पुन्हा वर, आधीपेक्षा बोटभर पुढं सरकलेली. तिघांपैकी एकानंही बंपर आतून बघितला नाही. याचा राग मला अजून आहे.

तुम्ही आधी तेच केलंत. चिखलात पोतं टाकून खाली शिरलात, टॉर्च मारलात. “बाई, हितं जात लिवलीया बघा की ओ!” पीपी आणि ईपीडीएम, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक आणि त्यात मिसळलेलं रबर, अशी बारीक उठावाची अक्षरं. पॉलिप्रॉपिलीनला साधा गोंद धरतच नाही, त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून जोडावं लागतं. तडीच्या टोकाला बारीक भोक पाडलं की ती पुढं पळत नाही. उद्यमबागेत जन्म घालवलेल्या माणसानं एका शाळाबाईला हे न कंटाळता दोनदा सांगितलं. आतून बसवलेली स्टीलची जाळी, घासकाम, रंग यांचं काय सांगू, कणकुंबीपर्यंत जाऊन आले, जोड जागचा हलला नाही.

पण मामा, मला रोज आठवतं ते दुसरंच. तड बाबांनी चिकटवलेल्या ‘माउली’च्या स्टिकरखाली गेली होती. मी म्हटलं, खरवडून टाका. तुम्ही हात थांबवलात. “कुणी लावलंय?” एवढंच विचारलंत. मग माझा केस वाळवायचा ड्रायर मागून घेतलात, ऊब देत देत नखानं एकेक कोपरा सोडवलात आणि स्टिकर स्टीलच्या ताटलीवर उताणा ठेवून वर टोपलं झाकलंत. रंग पुरा वाळल्यावर चौथ्या दिवशी फक्त तेवढ्यासाठी परत आलात. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. इतक्या हळुवारपणे त्यांच्या वस्तूला घरच्यांनीही हात लावला नव्हता.

मध्येच मामींचा फोन आला, त्यांच्याशी कन्नडात, माझ्याशी मराठीत, आणि हातातलं काम तसंच चालू. सीमाभागात माणसं कशावरून भांडतात त्याच्याच बातम्या होतात. असल्या संध्याकाळी आमच्या खानापुरात कितीतरी होतात, त्या कुणी छापत नाही.

तुम्ही जाळीचे तेवढे पैसे घेतलेत. उरलेली प्लास्टिकची पट्टी मी डब्यात जपून ठेवलीय. आता उजव्या आरशाचं कव्हर चिरलंय. आतून बघितलं, ‘एबीएस’ लिहिलंय, म्हणजे प्लास्टिकची दुसरी जात. ती जोडायला ॲसिटोन चालतं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? रविवारी करून बघते. मामींना घेऊन चहाला या, जोड तुम्हाला दाखवायचाय.

तुमची,
खानापूरची बाई