मंगळवारच्या तपासणीविषयी आई-बाबांस

पर्वरी, गोवा

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आईची पेज नेमकी तेव्हाच उतू जाऊ लागते, म्हणून पत्र लिहिते आहे. येत्या मंगळवारी आईच्या मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीची, आणि रक्ततपासणीची वेळ मी बांबोळीला गोमेकॉत, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, घेतली आहे आणि दादाशीही बोलून ठेवले आहे. रविवारी सकाळी गाडी घेऊन मी साखळीला येईन. त्यानंतर आठ दिवस तुम्ही दोघांनी माझ्याकडे राहायचे आहे. तुम्हांला आधी विचारले नाही, कारण चतुर्थीपूर्वी विचारले तेव्हा "चतुर्थी होऊ दे", नंतर "दिवाळी होऊ दे" आणि शेवटी "तुळशीचे लग्न आटोपू दे" अशी उत्तरे मिळाली. आता तेही आटोपले आहे आणि जत्रा सुरू होण्याआधी हे काम उरकलेले बरे.

आई, तुझे म्हणणे असे की साखर थोडीशीच आहे, तिची गोळी चालू आहे, मावशीला झाला तो स्तनांचा कर्करोग निराळा, आणि या दोहोंची सांगड मी उगाच घालते. परंतु ती सांगड शरीरातच आहे. पाळी थांबल्यावर अंडाशयांतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक जवळजवळ येईनासे होते, पण अंगातील चरबी ॲरोमाटेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने ते तयार करीतच राहते, आणि उतारवयात होणाऱ्या स्तनांच्या कर्करोगांपैकी बहुतेक या इस्ट्रोजेनवरच पोसले जातात. त्यातच पोटावर चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, मग स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडते, आणि हे वाढलेले इन्सुलिन एकीकडे पेशींच्या वाढीला चालना देते, तर दुसरीकडे इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृत बनवते त्याचे प्रमाण घटवते. म्हणून साखर, रक्तदाब, कंबर आणि छाती यांची तपासणी मी एकाच दिवशी ठेवली आहे.

"माझे वजन कुठे जास्त आहे?" हेही तू विचारलेस. काट्यावर ते जास्त नाही, हे मला मान्य आहे. पण अमेरिकेत 1990च्या दशकात सुरू झालेल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासात, पाळी थांबलेल्या आणि उंचीच्या मानाने वजन योग्य असलेल्या स्त्रियांमध्येसुद्धा, ज्यांच्या अंगात चरबी अधिक होती त्यांना स्तनांच्या कर्करोगाचा धोका जास्त असल्याचे आढळले. आपल्याकडील स्त्रियांच्या कमरेची मर्यादा 80 सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच धरतात. चतुर्थीला तुझ्याच शिवणयंत्राच्या टेपने मोजली तेव्हा ती 37 इंच भरली, आणि तू टेपच जुनी झाल्याचा निकाल दिलास! यात तू एकटी नाहीस. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातील मधुमेहाच्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात, 26.4 टक्के, निघाले. देशाचे प्रमाण 11.4 टक्के होते.

याचा अर्थ तुला काही झाले आहे असा मुळीच नाही, आणि तुझ्या हातच्या जेवणाला नावे ठेवण्याचाही माझा हेतू नाही. मावशी तर सडपातळ होती, हे तू म्हणण्याआधी मीच लिहिते. धोका वाढतो म्हणजे आजार होतोच असे नाही, आणि धोका कमी असलेल्यांनाही तो होऊ शकतो. सख्ख्या बहिणीला झाला असल्याने तुझा धोका वाढतो, आणि त्यावर आपल्याला काहीच करता येत नाही. कमरेवर आणि साखरेवर मात्र करता येते, म्हणून मी त्यांच्या मागे लागले आहे.

तपासणीत छाती दोन पट्ट्यांमध्ये काही क्षण दाबली जाते; थोडे दुखेल, लगेच थांबेल. लहानपणी लसीची सुई पाहून मी रडू लागले की माझे तोंड पदरात घेऊन तू "दहापर्यंत मोज" म्हणायचीस आणि मी सातावर पोहोचेपर्यंत सगळे झालेले असायचे. आता तू मोज. मी दाराबाहेरच उभी असेन.

घराची काळजी करू नका. देवाला दिवा धाकटी काकी लावील आणि कुळागराला पाणी सोडायला शाबा येईल. तुमच्यासाठी पूर्वेकडची खोली लावून ठेवली आहे, न्हाणीघर तिला लागूनच आहे, आणि बाबांना मराठी वर्तमानपत्र सकाळी सहाला मिळेल. उकडे तांदूळही आणून ठेवले आहेत.

आता जे लिहिते ते दोघांनीही ऐकायचे आहे. आई, सोमवारी रात्री नऊनंतर पाण्याखेरीज काहीही घ्यायचे नाही, पहाटेचा चहासुद्धा नाही. साखरेची गोळी बरोबर ठेव, ती रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर घ्यायची, हे डॉक्टरांना विचारूनच लिहिते आहे. आंघोळीनंतर काखेत आणि छातीवर पावडर लावू नकोस, कारण तिचे कण छायाचित्रात ठिपक्यांसारखे दिसू शकतात. साखळीला परतल्यावर रोज अर्धा तास विठ्ठलापूरच्या देवळापर्यंत चालायचे, आणि ते वाटेत कुणाशी गप्पा मारत उभे न राहता. ताटातले शीत, म्हणजे भात, निम्मे कर, भाजी वाढव. बांगडा आणि तारले सोडायचे नाहीत, फक्त तळण्याऐवजी हुमण कर. बाबा, संध्याकाळी भजी-पाव घरी आणणे आता बंद करा. तुम्ही आणता म्हणून ती खाते, आणि ती खाते म्हणून तुम्ही आणता, हे मला चांगले माहीत आहे. तुमचाही रक्तदाब मंगळवारीच बघून घेऊ.

आईचे जुने रिपोर्ट लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लग्नाच्या शालूखाली आहेत. ते, मावशीच्या शस्त्रक्रियेचे कागद मामाकडून मागून घेऊन, आणि दोघांचे चष्मे, असे सारे शनिवारीच पिशवीत भरून ठेवा.

तुमची,
मनू