पडवीचं ठरलं

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
१८ जानेवारी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

रविवारी बोलणं अर्धवटच राहिलं. बाबा, तुम्ही म्हणालात, "काचेची खोलीच कर, बारा महिने वापरात राहील," आणि मला चटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही सनरूम करत नाही. मागच्या बाजूला जाळीचा पोर्च करतोय, १२ बाय १६ फुटांचा.

तुमचं म्हणणं मला पटत नव्हतं असं नाही. दोन महिने मीही सनरूमच्याच बाजूने होते. इथे जानेवारीत रात्री पारा शून्याखाली उतरतो, आज सकाळीसुद्धा गवत पांढरं झालं होतं. अशा दिवसांत काचेतून येणाऱ्या उन्हात चहा घेऊन बसायची कल्पना कोणाला आवडणार नाही? पण आमच्या घराची पाठ पश्चिमेला आहे. दक्षिणेचं ऊन उन्हाळ्यात डोक्यावर असतं, छप्पर जरा पुढे काढलं की आत येत नाही, आणि हिवाळ्यात सूर्य खाली उतरला की तेच ऊन घरात शिरतं. पश्चिमेला ही सोय नाही. जुलैत सूर्य मावळायला साडेआठ होतात आणि दुपारी चारपासून ऊन आडवं येऊन थेट मागच्या भिंतीवर पडतं. काच ऊन आत घेते, पण आत साठलेली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचं दार उघडल्यावर जी वाफ तोंडावर येते, तशी ती खोली होते. माझ्या मैत्रिणीकडे बिनएसीची सनरूम आहे. तिथे ठेवलेली तुळस जूनमध्येच करपली, आता तिथे खोकी रचलेली असतात. खरोखर बारा महिने वापरायची तर भक्कम पाया, दुहेरी काचा, भिंती-छतात इन्सुलेशन, एसी-हीटर हे सगळं आलं. खर्च पोर्चच्या जवळजवळ दुप्पट सांगितला. शिवाय अशी खोली घराच्या राहत्या क्षेत्रफळात धरतात, म्हणजे घरपट्टीही वाढणार.

हा झाला हिशेब. माझं मन वळलं ते गॅरेजमुळे.

मागच्या खेपेला तुम्ही रोज दुपारी गॅरेजचं दार वर करून, गवत कापायच्या मशीनशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचात. घरात सगळ्या खिडक्या बंद, एसीचा सतत आवाज, पाऊस पडतोय हे काचेवरचे थेंब बघून कळायचं. एकदा मी ऑफिसातून आले तेव्हा जोराची सर चालली होती. आई, तू परातीत घेवडा मोडत होतीस. बाबा, तुम्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले होते आणि ड्राइव्हवेवरून वाहणारं पाणी बघत होतात, अगदी देवरूखला पडवीत बसून पागोळ्या बघता तसे. मी गाडी आत घ्यायला लागले आणि तुम्ही दोघं घाईघाईने उठलात, खुर्ची उचललीत, परात उचललीत. मी त्या दिवशी गाडी बाहेर ठेवायला हवी होती. हे मला अजून टोचतं.

आणि काजवे! जूनमध्ये मागच्या झाडीत काजवे चमकायला लागले, तेव्हा आई तू स्वयंपाकघराच्या खिडकीशी हात आडवे धरून बाहेर बघायचीस. आत दिवा असला की रात्री काचेत आपलाच चेहरा दिसतो. सनरूममध्ये तिन्ही बाजूंनी तेच होईल. जाळीतून अंधार दिसतो, आणि रातकिडेही ऐकू येतात.

तुम्ही विचाराल, डासांचं काय? इथले डास दिवसाही चावतात, पायावर पांढरे पट्टे असलेले, आणि कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यातसुद्धा होतात. पोर्चची जाळी म्हणजे साधी फायबरग्लासची, इंचाला १८ बाय १६ धागे. डासांना तेवढी पुरते. त्याहून बारीक घेतली तर वारा अडतो. मला नव्याने कळलं ते जमिनीबद्दल. लाकडी फळ्यांमध्ये फटी असतात, डास खालून येतात. तेव्हा फळ्या ठोकण्याआधी खालूनही जाळी लावायची. हे मी कागदावर लिहून घेतलंय, कारण एकदा फळ्या बसल्या की कोणी ते परत उघडत नाही.

आई, तुझ्या दम्याचा विचार सगळ्यात जास्त केला. मार्चअखेरीपासून इथे सगळीकडे पिवळी धूळ बसते, गाड्यांवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी. ती पाइनच्या झाडांच्या परागांची. तिचे कण मोठे असतात, त्यामानाने त्रास कमी. पण त्याच सुमाराला ओकचेही पराग उडतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि छातीला बाधतात. जाळी ते अडवू शकत नाही. या बाबतीत सनरूम नक्कीच सरस आहे, हे मी मान्य करते. म्हणून यंदा तुमची तिकिटं एप्रिलची नाही, मेच्या दुसऱ्या आठवड्याची काढायची. तोवर पावसाने सगळं धुऊन निघतं. शिवाय पश्चिमेच्या बाजूला सरकत्या पट्ट्या बसवतोय, पारदर्शक व्हिनाइलच्या, खाली-वर होणाऱ्या. बाबा, तुम्ही मिरगाच्या आधी पडवीला झड लागू नये म्हणून झापं बांधता ना, तसंच समजा. वादळी पाऊस आला की ओढायच्या, एरवी उघड्या.

स्वयंपाकघरातून पोर्चमध्ये जाताना पायरी नसेल. जमीन दोन्हीकडे एका पातळीत ठेवायला सांगितली आहे, बाबांच्या गुडघ्यासाठी. दाराचा उंबराही सपाट. परमिटचे कागद दिले आहेत, वसाहतीच्या मंडळाचा होकारही आला. फेब्रुवारीत सुतार काम सुरू करतील.

त्याआधी एक काम तुमच्याकडे. पोर्चच्या मधल्या तुळईला झोपाळा टांगायचा आहे. दोघं बसणार म्हणजे ती तुळई दुहेरी घ्यावी लागेल, आणि हे सांगाडा उभा राहण्याआधीच सांगायला हवं. तर बाबा, आपल्या पडवीतल्या झोपाळ्याची फळी किती लांब आणि किती रुंद आहे, कड्यांमधलं अंतर किती, आणि फळी जमिनीपासून किती उंच, ते टेपने मोजून कळवा. उंची मोजताना आईला त्यावर बसवून बघा, तिचे पाय टेकतात ना तेवढीच हवी.

तुमची,
मनू